हरणाऱ्यानं लिहायची कुस्ती

आमच्या घरमालकांनी, आबांनी, मला पहिल्यांदा जमिनीवर पाडलं ते ‘अलगद’ या एका शब्दावरून. ‘शिवाने त्याला अलगद उचलले आणि मातीत आपटले,’ असं मी लिहिलं होतं, आणि ते वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं. आबांनी वाचन मध्येच थांबवलं, ओसरीवर सतरंजी अंथरायला लावली आणि मुकुंदाला म्हणाले, "याला अलगद उचल बरं." मुकुंदा माझ्याच ऑफिसातला, अंगानं माझ्याइतकाच. त्यानं मला कमरेत धरून उचललं, दोन पावलं भेलकांडला आणि आम्ही दोघंही जाऊन पाण्याच्या टाकीवर आदळलो. माझं कोपर सोलून निघालं. आबा शांतपणे म्हणाले, "आता लिही. झालं तेवढंच लिही."

जळगावला मेहरूणच्या बाजूला मी त्यांच्याकडे मागची खोली भाड्यानं घेतली होती. आबा कोर्टातून निवृत्त झालेले. अंगानं काडी, त्यात दमा. जळगावचा मे महिना ज्यानं काढला आहे त्यालाच कळेल, की त्या उन्हात गळ्याला मफलर बांधून ओसरीवर बसणारा माणूस काय चीज असेल. नळावर पाणी भरताना ते मला विचारत, "शिवाचा खांदा कसा आहे आता?" समोरच्या घरातल्या बाईंना कितीतरी दिवस वाटत होतं, की शिवा हा माझा धाकटा भाऊ आहे आणि त्याला काहीतरी मोठं दुखणं लागलं आहे. शिवा मेहरूणकर हा माझा पैलवान होता, आणि तो फक्त कागदावर होता.

हे खूळ सुरू केलं मुकुंदानं. त्या दिवसांत आमच्याकडे नुकतं केबल आलं होतं आणि त्यावर परदेशातल्या कुस्त्या दिसू लागल्या होत्या. मुखवटे काय, आरडाओरडा काय, एकमेकांच्या डोक्यात खुर्च्या काय. मुकुंदाला वाटलं, आपणही अशी दंगल लिहावी. त्याचा एक पैलवान, माझा एक, आणि आमच्या खात्याच्या धुळ्याच्या कचेरीतल्या प्रल्हादचा एक. प्रल्हाद दर रविवारी एसटीनं जळगावला यायचा आणि आम्ही तिघं माझ्या खोलीत बसून एकमेकांच्या कुस्त्या वाचायचो. खिडकीतून आबा ऐकत होते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मुकुंदाच्या पैलवानानं खुर्ची उचलून माझ्या शिवाच्या डोक्यात घातली, तेव्हा बाहेरून आवाज आला, "हे कलम वेगळं लागतं. फौजदारी होईल." पुढच्या रविवारी आम्ही आपोआप ओसरीवर बसलो होतो आणि मधल्या खुर्चीवर आबा होते.

खुर्ची गेली, मुखवटे गेले, आणि नियम आले. पहिला नियम, निकाल चिठ्ठी काढून ठरवायचा. ज्यानं पैलवान घडवला तो त्याला कशाला हरवील, असं त्यांचं म्हणणं. दुसरा नियम आम्हाला विचित्र वाटला आणि अजूनही वाटतो. चिठ्ठीत ज्याचा पैलवान हरला, कुस्ती त्यानंच लिहायची. "जिंकणाऱ्याला काय, तो नुसता सुटतो," आबा म्हणायचे. "कुठं सापडलो ते हरणाऱ्याला माहीत असतं. त्यालाच बोलू द्या." कोर्टात इतकी वर्षं काढल्यावर माणूस असा होत असेल. तिसरा नियम सतरंजीचा. लिहिलेला प्रत्येक डाव आम्ही सतरंजीवर एकमेकांना घालून दाखवायचा. आपण पालथे पडलेलो, पाठीवर मुकुंदा बसलेला, आणि मफलर सावरत आबा आपलंच वाक्य आपल्याला वाचून दाखवणार. "‘त्याच क्षणी त्याने उजव्या हाताने मान पकडली.’ पकड. का रे? उजवा हात कुठं आहे?" उजवा हात माझ्याच पोटाखाली अडकलेला असायचा. "मग तुझ्या पैलवानाला हात किती?" स्वयंपाकघरातून आबांच्या पत्नी अक्का हसायच्या. ती कुस्ती तहकूब व्हायची, म्हणजे घरी जाऊन पुन्हा लिहायची.

यात गंमत होती असं आज वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. रविवार जवळ आला की मला ऑफिसात काम सुचायचं नाही. साहेबानं झापलं तर फार तर दोन दिवस वाईट वाटायचं. आबांनी कागद न बोलता परत दिला, की आठवडा जायचा. ते कधी ‘छान’ म्हणायचे नाहीत. पसंत पडलं तर फक्त म्हणायचे, "यात खोटं नाही." एवढ्यासाठी आम्ही तीन बापे, लग्नाच्या वयाचे, रविवार रविवार सतरंजीवर लोळत होतो.

एकदा मी अक्कांना विचारलं, आबा कधी आखाड्यात उतरले होते का. त्या भरताची वांगी भाजत होत्या. म्हणाल्या, "उतरतात कशाचे? जामनेरकडं यांच्या गावी सासऱ्यांचाच आखाडा होता. चारही भाऊ मातीत. यांना माती उडाली की धाप लागायची, म्हणून कडेला बसवून ठेवायचे. अख्खी तरणी उमर कडेला बसून गेली." मग वांगं उलटवत म्हणाल्या, "तिथंच बघायची सवय लागली. आता मलाही बघतात. भाकरी कुठल्या हातानं उलटवते ते."

आता धुळ्याचं सांगतो. आबा म्हटलं की मला धुळंच आठवतं.

प्रल्हादच्या पैलवानाचं नाव पांझऱ्या. प्रल्हाद आपल्या गल्लीतल्या ओट्यावर आमच्या कुस्त्या वाचून दाखवायचा, आणि बघता बघता गल्लीनं पांझऱ्याला दत्तक घेतलं. पानाच्या टपरीवर त्याच्या गोष्टी चालायच्या. नशीब असं, की चिठ्ठीत तो सारखा जिंकत गेला. शेवटी गल्लीच्या गणेश मंडळानं ठरवलं, यंदा ऑर्केस्ट्रा नको, पांझऱ्याची कुस्ती माईकवर वाचायची. जळगावच्या शिवाविरुद्ध. आबांनी अट घातली, वाचीन तर मी वाचीन. चिठ्ठी काढली, आणि पांझऱ्या हरला.

प्रल्हाद पांढरा पडला. आपल्याच गल्लीत, आपल्याच पैलवानाची हार, तीही आपल्याच हातानं लिहायची. पण त्यानं लिहिली, आणि काय लिहिली. पांझऱ्या थकत जातो, हे कुठंही थकला न म्हणता. शेवटी शिवा त्याला मोळी घालतो. मोळी हा साधा डाव आहे. खाली पडलेल्याच्या मानेवरून एक हात, गुडघ्यामागून दुसरा, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवायची आणि माणसाला मोळीसारखा बांधून पाठीवर उलटा करायचा. सतरंजीवर मी प्रल्हादला ती घातली. त्याला हलता येईना. आबांनी चारही बाजूंनी फिरून पाहिलं, खाली वाकून माझी बोटं पाहिली. म्हणाले, "यात खोटं नाही."

वाचनाच्या दिवशी दुपारी आम्ही धुळ्याला पोचलो. मांडवामागे चहा आला आणि चहाबरोबर मंडळाचा प्रमुख आला. त्याला सगळे दादा म्हणत. दाराएवढा माणूस, पोट पुढं, बोलणं मात्र हळू. निकालाची कुणकुण त्याला लागली होती. कपबशी खाली ठेवत तो म्हणाला, "आबा, आमना गल्लीमा पांझऱ्या हाराव नही." मग प्रल्हादकडे बघून म्हणाला, "तुले आठेच रहानं शे ना, भाऊ?" आणि तो गेला.

मुकुंदा म्हणाला, "आबा, शेवटची चार वाक्यं बदलली तर काय बिघडतं? पैलवानच मुळात खोटे आहेत."

"म्हणूनच," आबा म्हणाले. "पैलवान खोटे, माती खोटी. खरी एक कुस्तीच. तीही खोटी केली तर राहिलं काय?"

प्रल्हाद खाली बघत म्हणाला, "आबा, मला इथं राहायचंय."

"तू लिहिलंस ते खरं आहे की नाही?"

"आहे."

"मग ते मी वाचतो. कोणी विचारलं तर माझं नाव सांग."

आरती झाली, आणि मफलरवाला तो काडीसारखा म्हातारा माईकपुढे बसला. गल्ली भरलेली होती, गच्च्यांवर बायका होत्या. सुरुवातीला पांझऱ्याचं नाव आलं तशा शिट्ट्या वाजल्या. आबांचा आवाज बारीक, पण ते घाई करत नसत. वाक्य संपलं की थांबत. पांझऱ्याचा श्वास जड होऊ लागला, तसा मांडव गप्प होत गेला. दादा पहिल्या रांगेतून उठून उभा राहिला होता. मुकुंदा माझ्या कानात म्हणाला, "मागच्या बाजूनं वाट आहे, मी बघून ठेवली आहे." आणि आबांनी वाचलं, "मोळी बसली."

जो गलका उठला तो मला अजून ऐकू येतो. एक चप्पल स्टेजवर येऊन पडली. दादा पायऱ्या चढून वर आला, आबांच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "कशी बसनी मोळी? माले दाखाडा."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "धर यांना."

दादा स्टेजवर आडवा झाला. मी खाली वाकलो, एक हात त्याच्या मानेवरून घातला, दुसरा गुडघ्यामागून. हात पोचत नव्हते. त्या मांडीला आणि त्या पोटाला वळसा घालून बोटांना बोटं लागायला चांगलं वीतभर अंतर उरत होतं. मला काही सुचेना. मी त्याच्या शर्टाचं टोक पकडलं आणि दोन्ही हातांनी ओढून धरलं. लोकांकडे माझी पाठ होती. दादाला दुमडून राहायची सवय नसावी, त्याचा चेहरा लाल झाला. तो हलेना. मांडव शांत झाला. त्याच्या मनानं मोळी बसली होती, लोकांच्या मनानंही बसली होती. दादा दबक्या आवाजात म्हणाला, "सोड रे आते."

आबा वाकून बघत होते. त्यांची नजर माझ्या मुठींवर होती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान अगदी थोडी हलवली. गप्प बसा, आबा, जिंकलो आपण. त्यांना फक्त पुढचं वाक्य वाचायचं होतं.

ते माईकपाशी गेले. "थांबा," म्हणाले. "यानं शर्ट धरला आहे. पैलवानाला शर्ट नसतो." मग एक श्वास घेऊन म्हणाले, "बोटं अडकत नाहीत. मोळी बसत नाही. आम्ही कारकुनांच्या अंगावर तपासलं, पैलवानाच्या अंगावर नाही. तपासायचं काम माझं होतं, चूक माझी. या कुस्तीचा निकाल लागलेला नाही."

गुलाल उधळला गेला. दादाला खांद्यावर घेतलं, पांझऱ्याच्या नावानं ढोल वाजले. दादानं आबांच्या पाठीवर थाप मारली, ती थाप मला आवडली नाही. सगळ्यांना कळलं होतं, की जळगावचा म्हातारा घाबरला आणि त्यानं माघार घेतली.

परतीच्या एसटीत पारोळा आल्यावर मुकुंदा आबांशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "आबा, खरं सांगा. घाबरलात ना?"

"घाबरलो होतो," आबा म्हणाले. "त्याचा आणि शर्टाचा काय संबंध?"

मुकुंदाला ते पटलं नाही. त्यानं ऑफिसात तिखटमीठ लावून सांगितलं आणि रविवारी येणं बंद केलं. मला त्याचा राग आला होता, अजूनही थोडा आहे. बाजारात लोक आबांना विचारायचे, "काय आबा, धुळ्याला शर्ट आडवा आला म्हणे." आबा भाजी निवडत राहायचे. मी म्हणायचो, तुम्ही खुलासा का करत नाही? ते म्हणायचे, "तो दुमडून पडला होता तेव्हा पाहिलं मी त्याला. माझ्या मनात आलं होतं, पुढचं वाक्य वाचून टाकावं. एवढं आलं होतं, हे खरं. मग खुलासा कशाचा करू?"

धुळ्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी ओसरीवर गेलो तर अक्कांचा आवाज चढलेला. आबांनी पाहुण्यांसाठी ठेवलेली गादी आतून ओढून आणली होती आणि ती ते स्वतःच्या पोटाला सुतळीनं बांधत होते. "कापूस पिंजून घेतलेली गादी आहे ती," अक्का म्हणत होत्या. "आणि तुम्ही आहात का त्या लायकीचे?" आबा म्हणाले, "दादाएवढा माणूस आपल्यात कोणी नाही. गादी आहे." प्रल्हाद आणि मी दोघं मिळून त्यांना पैलवान करू लागलो. मफलर तसाच.

मग ते सतरंजीवर आडवे झाले. जन्मात पहिल्यांदा, मला वाटतं. "घाल मोळी," म्हणाले.

मी भीत भीत हात घातले. बोटांत तेच अंतर. "ओढ," ते म्हणाले. मी ओढलं. "डोकं लाव छातीला. अजून." त्यांना धाप लागायला लागली होती, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. प्रल्हाद म्हणाला, "आबा, बस झालं." अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या, पाण्याचा तांब्या हातात. "सोड त्यांना," त्या मला म्हणाल्या. आबा म्हणाले, "मले सोडू नको." एरवी ते घरातही कोर्टातलंच मराठी बोलत, त्यामुळे मी चपापलो आणि धरून राहिलो. त्यांनी श्वास कोंडला होता. दम्याच्या माणसानं किती वेळ कोंडावा? मग तो सुटला, लांब, सगळा. गादी खाली बसली. आणि माझ्या उजव्या हाताच्या बोटांत डाव्या हाताची बोटं येऊन अडकली.

त्यांना उठवून बसवलं, अक्कांनी पाठ चोळली, औषध दिलं. बोलता यायला लागल्यावर ते प्रल्हादला म्हणाले, "पांझऱ्या हरतो. श्वास सोडतो तेव्हा. तेवढं लिही." त्यांचे डोळे चमकत होते. मग म्हणाले, "धुळ्याला कळव. कुस्ती राहिली आहे."

आम्ही दोघांनीही त्यांना वेड्यात काढलं. जे लोक विसरले ते उकरून कशाला काढायचं? पण वर्षभर त्यांनी तोच धोशा लावला. शेवटी प्रल्हादनं घाबरत घाबरत दादाला विचारलं, आणि दादा चक्क हो म्हणाला. त्याची खात्री होती, म्हातारा पुन्हा तोंडावर पडणार.

पुढच्या गणपतीत तोच मांडव, तीच गर्दी. आबांनी सुरुवातीपासून वाचलं. मोळीपाशी आले तेव्हा थांबून दादाकडे बघितलं. "शर्ट काढून यावं," म्हणाले. लोक हसले. दादाही हसत वर आला, शर्ट काढून प्रल्हादच्या हातात दिला आणि आडवा झाला. मी हात घातले. वीतभर अंतर. आबांनी वाचलं, "शिवाची बोटं पोचत नव्हती. तो वाट पाहत होता." आणि पुढचं वाक्य न वाचता तेही वाट पाहू लागले.

दादा हुशार. प्रल्हादच्या तोंडून त्यानं आधीच काढून घेतलं असणार. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि कोंडून ठेवला. माझे खांदे भरून आले, घाम डोळ्यांत गेला. दादाच्या कपाळाची शीर फुगली. हा काही सोडत नाही, असं मला वाटलं. मी आबांकडे बघितलं तर ते माईक हातात धरून त्याच्या छातीकडे बघत होते, घाई नाही, राग नाही. श्वास कोंडता येतो तेवढाच येतो हे त्या मांडवात त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? आणि मग दादानं श्वास सोडला. माझी बोटं अडकली. मी त्याला वळवलं, आणि त्याची पाठ आवाज न करता फळ्यांना लागली.

कोणी ओरडलं नाही. मी सोडलं तरी दादा तसाच पडून वर मांडवाच्या कापडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आते बसनी." उठला, शर्ट घेतला आणि खाली जाऊन आपल्या जागेवर बसला. आबांनी शेवटचं वाक्य वाचलं: ‘पांझऱ्याची पाठ अलगद मातीला लागली.’ मागून कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

स्टँडवर जळगावच्या गाडीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. मांडवातल्या धुळीनं आबांना धाप लागली होती. प्रल्हाद कागद उलटसुलट करत म्हणाला, "आबा, शेवटचा तो ‘अलगद’ राहून गेला. काढून टाकतो." त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी मफलर सैल केला, प्रल्हादच्या हातावर हात ठेवला आणि नको, राहू दे, अशी मान हलवली.